आधी उसळ, मग भात

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चौकशी हल्ली रोज होते आणि पाठोपाठ विचारलं जातं, ‘डॉक्टर, हेच हार्मोन खाण्यातून नाही का वाढवता येणार?’ येतं, पण किती ते आधी स्पष्ट सांगते. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं जीएलपी-१ आपलं आतडं दर जेवणाला तयार करतंच. मात्र रक्तात आल्यावर दोनेक मिनिटांत ते निम्मं होतं. इंजेक्शनमधलं सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला आठवडा लागतो. त्यामुळे ‘नैसर्गिक जीएलपी-१’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींवर कृपा करून पैसे घालवू नका.

रोजच्या पानात मात्र बरंच करता येतं. हे हार्मोन बनवणाऱ्या पेशी मुख्यतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात असतात. मऊ भात, बिस्किटं, खारी वरच्या वरच पचून जातात. मटकी, चवळी, गवार, मेथी यांतला चोथा खालपर्यंत पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून तयार होणारी आम्लं या पेशींना चेतवतात. प्रथिनांमुळे पीवायवाय आणि सीसीके ही तृप्तीची आणखी दोन हार्मोन्सही वाढतात.

म्हणून जेवणाचा क्रम बदला. वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण आणि काकडीची कोशिंबीर आधी खा. अंडी-मासे खात असाल तर तेही तेव्हाच. मग भाकरी. भात शेवटी, भूक उरली असेल तेवढाच. जेवण वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या. घाईत उरकलं, तर निरोप पोचायच्या आत दुसऱ्यांदा भात वाढून घेतलेला असतो.

मला जास्त काळजी वाटते ती सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्याशी उभ्यानेच जेवणाऱ्या बाईची. उसळीतली मटकी इतरांच्या पानांत गेलेली असते. तिच्या वाट्याला तळाचा रस्सा आणि उरलेला भात. मग चारला पुन्हा भूक, चहा आणि बिस्किटं. तिची उसळीची वाटी आधीच काढून ठेवा.

झोपही पुरेशी घ्या; जागरणाने भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं.

कडधान्यं एकदम वाढवू नका, पोटात गॅस धरतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं विचारूनच वाढवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी भात-भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस तपासून घ्यावा. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच साखरपाणी घ्या आणि पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजा.