सेल्फ कधी घेते, कधी नाही

देऊळगाव राजा

चि. बाळास,

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मागे तुझ्या मित्रांचा गलका चालला होता, म्हणून हे सविस्तर लिहितो. कागद बॉनेटवर ठेवून काम करता येतं, तेही एक बरं.

तू जुळवलेल्या गाडीची तक्रार मला समजली ती अशी. सकाळी थंड इंजिनाला पहिल्याच सेल्फला गाडी उचलते. फेरी मारून आलास, बंद केलीस आणि थोड्या वेळाने चावी फिरवलीस, की नुसतं 'टक्'. कधी दोनचारदा चावी फिरवल्यावर घेते, कधी पोरं धक्का मारतात. बॅटरी नवी टाकलीस, सेल्फ बदललास, आता इग्निशन स्विच मागवणार आहेस. तो एवढ्यात मागवू नकोस.

येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात एक मोठी फसवणूक असते. तो आपण होऊन जाणारच असतो, आणि त्या वेळी तुझ्या हातात जो भाग असेल त्याला श्रेय मिळतं. बॅटरी बदलताना तू टर्मिनल सोडलेस, पुसलेस, घट्ट आवळलेस. सेल्फ बदलताना केबलचे लग खोलले आणि परत बसवले. दोन्ही वेळेला चार दिवस गाडी शहाण्यासारखी वागली, हे तूच सांगितलंस. मग गुण नव्या मालाचा की आवळलेल्या नटाचा? आता ते कळायला मार्ग नाही, कारण दोन्ही गोष्टी एकदम झाल्या.

आमच्या भागात पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवणारे बरेच आहेत. कोणी पान्ह्याने सेल्फवर ठोका मारतो आणि तो फिरतो. ठोक्याने फिरतो म्हणजे कार्बन ब्रश झिजलेत किंवा अडकलेत, किंवा आर्मेचर एका जागी मेलं आहे, एवढी सरळ साक्ष मिळालेली असते. पण ट्रॅक्टर चालू झाला की गडी रानात निघून जातो. पेरणीत त्याला दोष देता येत नाही. तुला मात्र पेरणी नाही, तेव्हा उतार आणि धक्का दोन्ही सोड.

पुढच्या वेळी 'टक्' आलं की चावी सोडून दे आणि तिथेच थांब. यातलं हेच सगळ्यात अवघड काम आहे. बिघाड हजर असतानाच तो मोजता येतो. गाडी चालू झाली की सगळे आकडे बरोबर दिसतात. म्हणून मीटर घरी नाही, गाडीत ठेव. गिअर न्यूट्रल कर, हँडब्रेक ओढ, एका मित्राला चावीवर बसव आणि हेडलाइट लाव. चावी फिरवल्यावर दिवे पार मावळले, तर बॅटरी, तिचं टर्मिनल किंवा जाम झालेली मोटर यांच्याकडे बघ. दिवे लख्ख राहिले आणि नुसतं 'टक्' झालं, तर मोटरमधून पुरेसा करंट वाहतच नाही. तुझ्या हेडलाइटची अर्थ वायर तू थेट बॅटरीला नेली आहेस, म्हणून ही खूण तुझ्या गाडीत विश्वासाची आहे.

आता मीटर 20 व्होल्ट डीसीवर घे. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवरच टेकव, क्लॅम्पवर नको. दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, जिथे उघडं लोखंड आहे तिथे. मित्राला चावी फिरवायला सांग. दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंत ठीक आहे. त्याहून बरंच जास्त आलं, दोन, पाच, आठ, तर परतीची वाट अडली आहे. तिथे काही निघालं नाही, तर पॉझिटिव्हची खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्ये असंच मोज. अर्ध्या व्होल्टच्या आत असलं पाहिजे.

तू म्हणशील, केबलचा ओहम मी तपासला, शून्य दाखवतो. तो दाखवणारच. मीटर त्या केबलमधून नावापुरता करंट सोडतो. लगच्या आत एक तार शाबूत असली तरी मीटर खूश. पण सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. त्या वाटेत दोन शतांश ओहमचा अडथळा असला तर दोन व्होल्ट तिथेच खलास, आणि एवढा बारीक अडथळा तुझ्या मीटरच्या स्वतःच्या वायरींतच हरवतो. म्हणून केबल भाराखाली असतानाच मोजायची.

माझा संशय इंजिनच्या अर्थिंगवर आहे, आणि त्याला तूच दिलेलं एक कारण आहे. गेल्या महिन्यात एक्सलेटरची केबल जड चालते, मधेच अडकते म्हणून तू ती बदललीस. वरचं प्लास्टिकही वितळल्यासारखं होतं म्हणालास. आता विचार कर. तुझ्या गाडीतलं मारुती 800 चं ते 796 सीसीचं इंजिन कंपनीने पत्र्याच्या बॉडीत बसवलं होतं. तिथे सगळी बॉडीच परतीची वायर. तुझी बॉडी फायबरची, म्हणजे विजेच्या दृष्टीने नसल्यासारखी. चासीच्या पाइपांना तू हौसेने पावडर कोटिंग करून घेतलंस, आणि अर्थचा लग त्या कोटिंगवरच आवळलेला मी फोटोत पाहिला. इंजिन रबरी माउंटिंगवर. मग सेल्फचा करंट बॅटरीकडे परत जाणार कुठून? सापडेल तिथून, म्हणजे गिअरच्या दांड्यातून आणि एक्सलेटरच्या केबलमधून. ती बिचारी त्यासाठी बनलेलीच नाही. ती तापते, आवरण वितळतं, मग अडकते. तसं असेल तर तुझ्या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. नवी केबल हात लावून बघ, सेल्फ मारल्यावर कोमट लागते का.

खात्री करायला सोपा उपाय आहे. जंपर केबलने बॅटरीचं निगेटिव्ह थेट ब्लॉकला जोड, तेही 'टक्' येत असतानाच. लगेच उचलली, तर दुकानात जाऊन जाड विणलेली अर्थ पट्टी आण आणि गिअरबॉक्सच्या बोल्टपासून चासीपर्यंत लाव. दोन्हीकडे कोटिंग खरवडून लोखंड चमकवायचं, दातेरी वॉशर टाकायचा, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. बॅटरीची अर्थ केबल चासीला जिथे जोडली आहेस तिथेही हेच.

नाही उचलली, तर गरम इंजिनाचा विचार करू. तू बॅटरी वजनासाठी पुढे ठेवलीस आणि इंजिन मागे. सेल्फवरच्या सोलेनॉइडची बारीक वायर बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून मागे जाते, आणि सोलेनॉइड सायलेन्सरच्या शेजारी. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध साधारण 0.4 टक्के वाढतो. साठ अंशांनी तापलेल्या कॉइलचा रोध जवळपास चौथ्या हिश्श्याने वाढला, वर लांब वायरीत व्होल्ट गळाले, की आतली दांडी नीट ओढली जात नाही. कार थंड झाली की सगळं सुरळीत. त्यावर उपाय म्हणजे सेल्फजवळ एक रिले लावायचा आणि त्याला जाड वायरीवरूनच करंट द्यायचा. मग स्विचला फक्त रिले ओढावा लागतो. सायलेन्सरच्या आड पत्र्याची ढाल द्यायची.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नकोस. चार्ल्स केटरिंगने 1912 च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ बसवला, तेव्हा त्याने हेच हेरलं होतं: मोटरला काही क्षणच काम करायचं आहे, तर छोट्या मोटरवर मोठा भार टाकता येतो. सवलत त्या क्षणांपुरती आहे. आणि बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह काढ. पान्हा चासीला लागून ठिणगी पडली आणि बॅटरीतून गॅस निघत असला, तर डोळ्यांवर बेततं.

तुझा मित्र किक बसवायला सांगतो म्हणे. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली, ती दुचाकीसारखी किकने चालू व्हायची. 2021 च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि पुढे तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. मला ती गाडी फार आवडते. पण लोहारांची गाडी किकवरच चालणारी होती. तुझ्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला किक लावणं म्हणजे बिघाड सापडत नाही म्हणून वाट बदलणं. आधी सापडू दे, मग हौस म्हणून काय लावायचं ते लाव. महिंद्रांनी त्याच वेळी असंही लिहिलं होतं, की अशी गाडी नियमांत बसत नाही म्हणून अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील. तेव्हा तुझी गाडी शेतात आणि कॉलेजच्या मैदानात फिरव. इथल्या बालाजीच्या यात्रेला ती जालना रोडने चालवत आणायचा बेत आईने मला सांगितला आहे. तो रद्द समज. टेम्पोत घालून आण.

येताना वहीत तारीख, इंजिन गरम की थंड, दिव्यांचं काय झालं आणि मीटरने काय दाखवलं, एवढं लिहून आण. गाडी एका सेल्फला घेतली तेही लिही, नुसत्या तक्रारी नकोत. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि पुढची बदलायच्या आधी काही दिवस जाऊ दे. काढलेला जुना सेल्फ भंगारात घालू नकोस, पिशवीत बांधून आण. मी तो खोलून ब्रश बघणार आहे. चांगला निघाला तर तोच परत बसवू आणि नवा सेल्फ दुकानदार परत घेतो का ते विचार. बिल जपून ठेवलं आहेस ना?

तुझा,
मामा