पेडल मऊ लागतंय? थांब, मास्टर बदलू नकोस

मास्टर सिलिंडर तूच काढलास, तूच परत बसवलास, आणि आता ब्रेक दाबला की पाय खालीच जातोय, म्हणून रडकुंडीला आलीयेस ना? आधी चावी घरात नेऊन ठेव. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गाडी काढायची नाही. मग चहा घे आणि ऐक.

खरं सांगू का, अशा वेळी बहुतेकदा काही बिघडलेलं नसतं, आत हवा राहिलेली असते. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. फुगलेल्या पुरीवर बोट दाबावं तसं पेडल आत जातं ते त्यामुळेच.

इंजिन बंद ठेवून पेडल भराभर मारून बघ. वर येऊन कडक झालं, तर हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले लायनर सैल आहेत. आता पाय दाबून तसाच धर. पेडल हळूहळू बसत गेलं, तर दुखणं वेगळं: कुठेतरी गळतंय, नाहीतर मास्टरच्या आतली रबरं दाब धरत नाहीत. गळती शोधताना मास्टर आणि बूस्टरच्या सांध्याखालून बोट फिरव, ती जागा हमखास राहून जाते. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलंस की पेडल किंचित खाली जाईल. त्याला घाबरू नकोस गं, तो बूस्टर कामाला लागला.

चारही चाकांची हवा काढली तरी फरक नाही, हीच तुझी तक्रार ना? बघ, बुडबुडा मास्टरच्या पोटातच अडकलेला असतो, तो चाकापर्यंत पोचतच नाही. खरं तर बसवण्याआधी मास्टर व्हाइसमध्ये धरायचा, त्याच्या भोकांना नळ्या लावून टोकं टाकीतल्या तेलात बुडवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू ढकलायचा. राहिलं? राहू दे, परत काढत बसू नकोस. खाली जाड फडकं अंथर आणि घरातल्या कुणाला तरी पेडलवर बसव. त्यानं पेडल हळू दाबलं की मास्टरवरचा पाइपचा नट पाव फेरा सैल कर. फुस्स करत फेसाळ तेल येईल. नट आवळ, आणि मगच ‘सोड’ म्हण. आधी सोडलं तर हवा परत आत, हे त्याला दोनदा बजाव; नवरे ऐकत नाहीत. नुसतं तेल येईपर्यंत हेच करायचं, मग दुसरा पाइप.

त्यानंतर चाकं. क्रम गाडीच्या पुस्तकात बघ. बऱ्याच गाड्यांत सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नकोस, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आणि मास्टर जुनाच असेल तर पेडल तळापर्यंत हाणू नकोस. आतली रबरं कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासतात आणि फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव.

तेल झाकणावर लिहिलंय तेच, सीलबंद बाटलीतलं. उघडी राहिलेली बाटली हवेतली ओल पिते. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरली की १४० अंशांलाही उकळू शकतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धू. माझ्या बॉनेटवरचा नकाशा तू पाहिलायसच.

एवढं करूनही मऊच? कॅलिपर काढले होतेस का? डावा-उजवा बदलला तर निपल खाली येतं आणि वरची हवा निघतच नाही. तेही ठीक असेल तर खुशाल मेकॅनिकला बोलाव, पण घरी.

कडक झालं की पहिली चक्कर आवारातच, चालण्याच्या वेगानं, एक हात हँडब्रेकवर ठेवून. आणि टाकीचं झाकण लावलंस का ते बघ.