मंडळीच्या इतिहासासाठी टिपणे कशी करावीत?

शास्त्रपाठ : लूक १:१-४, लूक ३:१, २, अनुवाद १९:१५.

मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला म्हणजे पुष्कळ गावी असे ठरते की, आपल्या मंडळीचा इतिहास लिहावा. हे काम बहुधा उपदेशकांकडे किंवा शाळामास्तरांकडे येते. ते एका रात्री बसून आठवेल तसे लिहून काढतात. असा लेख ऐकावयास गोड लागतो; परंतु अमुक गोष्ट कोणी सांगितली व ती कोठे लिहिलेली आहे, असे कोणी विचारल्यास उत्तर देता येत नाही. लेखाचे बळ त्याआधी केलेल्या टिपणांत असते. ती कशी करावीत, हे आपण या पाठात पाहू.

याविषयी लूकाचा कित्ता उत्तम आहे. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडून गोष्टी आल्या, त्यांचा आपण मुळापासून शोध केला, आणि आता त्या अनुक्रमाने लिहीत आहोत, अशा अर्थाचे तो आरंभीच सांगतो. साक्ष, शोध व अनुक्रम या तीन पायऱ्या त्यात आहेत.

१. साक्ष. प्रथम लेखी साधने पाहावीत : बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या, सभांची इतिवृत्ते, कोनशिला, दफनभूमीतील दगड, आणि घरोघरच्या पवित्र शास्त्रांच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवलेल्या तारखा. सन १८४२ साली अहमदनगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक मिळाल्यास तेही चाळावेत. मग वृद्ध मंडळींकडे जावे.

टिपणासाठी वही न घेता सारख्या मापाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात व एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहावी. वर विषय व साल, मध्ये मजकूर, खाली तो कोठून मिळाला ते लिहावे. नोंदवही असल्यास तिचे नाव व पान, मनुष्य असल्यास त्याचे नाव, गाव व ऐकल्याची तारीख द्यावी. मूळचे शब्द जसेच्या तसे उतरले असतील तर त्यांस अवतरणचिन्हे घालावीत. सारांश असेल तर घालू नयेत. आपला तर्क चिठ्ठीच्या पाठीमागे लिहावा, म्हणजे साक्ष व तर्क यांची भेसळ होणार नाही. मुळात शके १८०० असे असेल तर तसेच लिहून पाठीमागे इसवी सन १८७८-७९ असे मांडावे.

२. शोध. दोघातिघांच्या साक्षीने गोष्ट शाबीत व्हावी, असा शास्त्राचा नियम आहे. समजा, कोनशिलेवर १९६९ साल आहे आणि एक आजीबाई म्हणतात की, देऊळ दुष्काळात बांधले. येथे घाईने कोणासही खोटे ठरवू नये. दोन्ही चिठ्ठ्या ठेवून पुन्हा विचारावे. कदाचित पाया १९६९ साली घातला गेला असेल आणि छप्पर १९७२ च्या दुष्काळात चढले असेल.

वृद्धांस साल आठवत नाही, पण प्रसंग आठवतो. लूकानेही योहानाच्या सेवेचा काळ तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षावरून सांगितला आहे. तसेच आपण विचारावे : हे कोयनेच्या भूकंपाच्या, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या, आधी की नंतर? उत्तर भारतीय मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास स्थापन झाली. त्या वेळी तीत सामील झालेल्या मंडळ्यांच्या कागदांत त्यापूर्वीचे नाव निराळे आढळेल. असे नाव बदलू नये.

३. अनुक्रम. लिहिण्यापूर्वी चिठ्ठ्या सालवार मांडाव्यात. कोणत्या दहा वर्षांविषयी एकही चिठ्ठी नाही, हे तत्काळ दिसेल. ती पोकळी कल्पनेने भरू नये; तेवढ्यासाठी पुन्हा घरोघर जावे.

आता मुख्य गोष्ट. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मृतांविषयीही पाळली पाहिजे, कारण त्यांस आपली चूक दुरुस्त करता येत नाही. पेत्राने प्रभूला नाकारले हे शुभवर्तमानांनी झाकले नाही. मग मंडळीतील तंटे व कोणाचे मागे फिरणे आपण का झाकावे? परंतु कोणी विश्वासाने सांगितलेले गुपित चव्हाट्यावर मांडू नये. आणखी असे की, जुन्या नोंदींत एखादी भगिनी केवळ ‘अमक्याची बायको’ म्हणून आढळते. कदाचित तिनेच दळता दळता मुलांस प्रभूची गोष्ट सांगितली असेल. तिचे स्वतःचे नाव तिच्या नातवंडांस विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावे. ती नातवंडेही आता थकली आहेत, आणि वाळवी नोंदवह्या खाण्यास आपली परवानगी मागत नाही.

या आठवड्याचा अभ्यास : मंडळीतील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे जाऊन तीन चिठ्ठ्या कराव्यात. त्या त्यांस वाचून दाखवाव्यात, व त्या सांगतील ती दुरुस्ती तारखेसह नोंदवावी.