धायटीचे फूल : ओळख, उपयोग व संकलन

माघ-फाल्गुनात चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत पळसाच्या जोडीने आणखी एक तांबडे फूल दिसू लागते. नाल्याकाठी व खडकाळ उतारांवर वाढणारे हे झुडूप म्हणजे धायटी, अर्थात शास्त्रोक्त धातकी. ही मेंदीच्या कुळातील वनस्पती होय. नामसाधर्म्यामुळे डिंक देणाऱ्या धावड्याशी तिची गल्लत करू नये.

गुणधर्म : धातकीपुष्प कषाय-कटु, लघु व शीतवीर्य आहे. चरकाचार्यांनी त्याचा समावेश पुरीषसंग्रहणीय व संधानीय महाकषायांत केला आहे. अतिसार, प्रवाहिका व रक्तस्राव यांत ते उपयुक्त मानले जाते.

निर्माणातील स्थान : अशोकारिष्टात १ तुला अशोकत्वचेस १६ पल धातकीपुष्प सांगितले आहे, म्हणजे ४.८ किलोस ७६८ ग्रॅम. निंबारिष्टावरील १९९३ च्या अभ्यासात या फुलांमुळे साखरेचे विघटन वाढून संधानास साहाय्य होते, असे दिसले.

काही वर्षांपूर्वी आमच्या कुटजारिष्टाची एक खेप आंबट होऊन वाया गेली. संधान बिघडण्याची कारणे अनेक असतात. तथापि उरलेले धायफूल पसरून पाहिले, तेव्हा त्यात काड्या, पाने व काळपडलेली जुनी फुलेच अधिक आढळली. आम्ही केवळ भाव पाहून माल घेतला होता, हा दोष आमचाच.

भाव पाडून वजनावर माल घेतला, की फुले खुडण्याऐवजी फांद्याच तोडल्या जातात. धायटीचा तांबडा भाग हा निदलपुंज असून त्यातच फळ धरते. फांदी गेली की बीजही जाते आणि मधमाश्यांचा ऐन उन्हाळ्यातील मकरंदही. म्हणून फुले हाताने खुडावीत, प्रत्येक झुडपावर पुरेशी राखावीत व सावलीत वाळवावीत. खरेदी करताना विटकरी रंग टिकलेला, कोरडा व कुबट वास नसलेला माल निवडावा.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये औषधी वनस्पती गौण वनोपजात मोडतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क असलेल्या ग्रामसभांशी हंगामापूर्वीच बोलणी करावीत आणि स्वच्छ, खुडलेल्या फुलांस वेगळा, वाढीव दर द्यावा. ताडोबासारख्या संरक्षित क्षेत्रातील माल मात्र घेऊ नये.

औषधशाळाचालकांनी येत्या हंगामात खरेदीपत्रकावर दरासोबत संकलनाचे गाव, महिना व पद्धत यांचीही नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे.