थोरल्या बहिणीला ठाऊक असणारच, नाही का?

प्रश्न : लिझी बोर्डनच्या खटल्यावरची एक मालिका आम्ही घरात सगळ्यांनी मिळून पाहिली. लिझी निर्दोष सुटली, आणि तिची थोरली बहीण एमा पुढेही वर्षानुवर्षं तिच्याबरोबर राहिली. सासूबाईंचं म्हणणं, ‘एका घरात राहून सख्ख्या बहिणीला कळत नाही होय? तिला सगळं ठाऊक होतं.’ मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. खरं काय असावं? आणि आपल्याकडे अशा बहिणीची साक्ष कोर्टानं मानली असती का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या सासूबाईंना एकटं समजू नका. एमा बोर्डनला ‘ठाऊक होतं’ असं सांगणाऱ्यांची रांग १८९२ पासून लागलेली आहे. तरी मी तुमच्या बाजूनं बसतो, आणि का ते सांगतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचं गाव. ४ ऑगस्ट १८९२, गुरुवार. सेकंड स्ट्रीटवरच्या घरात सकाळी अ‍ॅबी बोर्डन वरच्या पाहुण्यांच्या खोलीत मारली गेली. तिच्यावर कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे अठरा-एकोणीस घाव होते. मग सुमारे दीड तासानं तिचा नवरा अँड्र्यू बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर मारला गेला, दहा-अकरा घावांनी. (पोरांच्या बडबडगीतात घावांचा आकडा चाळिशीच्या घरात आहे. लोकांच्या तोंडी गोष्ट गेली की आकडा वाढतोच.) घरात त्या वेळी दोघीच होत्या : धाकटी मुलगी लिझी, वय ३२, आणि आयरिश मोलकरीण ब्रिजेट सलिव्हन. ब्रिजेट सकाळी खिडक्या धुवत होती, नंतर माळ्यावरच्या आपल्या खोलीत जाऊन आडवी झाली होती.

आणि एमा? ती तेव्हा फेअरहेवनला मैत्रिणींकडे गेली होती. तार मिळाल्यावर संध्याकाळी परतली. म्हणजे ज्या बाईबद्दल सव्वाशेहून जास्त वर्षं तर्क चाललेत, ती त्या सकाळी घरात नव्हतीच.

तर्काला खाद्य मात्र भरपूर होतं. अ‍ॅबी ही सावत्र आई. सख्खी आई गेली तेव्हा एमा बारा वर्षांची आणि लिझी तिसऱ्या वर्षात. धाकटीला सांभाळायचं वचन मरणाऱ्या आईनं एमाकडून घेतलं होतं, असं एमानंच पुढे सांगितलं. १८८७ मध्ये वडिलांनी अ‍ॅबीच्या सावत्र बहिणीसाठी घराचा अर्धा वाटा विकत घेतला, तेव्हापासून घरात धुसफूस सुरू झाली. लिझीनं ‘आई’ म्हणणं सोडून ‘मिसेस बोर्डन’ म्हणायला सुरुवात केली. त्यात अँड्र्यूनं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. अ‍ॅबी आधी गेल्यामुळे तिच्या माहेरच्यांना अँड्र्यूच्या इस्टेटीतलं काहीच मिळालं नाही; सगळं दोघी मुलींकडे आलं. एमाला अर्धा वाटा मिळाला, म्हणजे तीही सामील, असं लोकांनी परस्पर लावून टाकलं. वारसाहक्काचं गणित बरोबर आहे. पण त्यातून मिळतो तो हेतू, आणि तोही अंदाजाचा.

आता त्या जळलेल्या पोशाखाकडे येऊ, कारण एमावरचा खरा संशय तिथे आहे. रविवारी, खुनानंतर तिसऱ्या दिवशी, लिझीनं स्वयंपाकघरातल्या शेगडीत आपला एक सुती पोशाख जाळला. आदल्याच संध्याकाळी तिच्यावर संशय असल्याचं तिला सांगण्यात आलं होतं. सोबतीला राहिलेली मैत्रीण अ‍ॅलिस रसेल हिनं हे पाहिलं, काही महिने ते मनात ठेवलं आणि डिसेंबरात ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं. लगेच लिझीवर आरोप ठेवले गेले. मैत्री तिथेच संपली. खटल्यात एमा उभी राहिली आणि म्हणाली, जाळायला मीच सांगितलं. मे महिन्यात घराला रंग दिला तेव्हा त्या पोशाखाला डाग पडले होते. माझा कपडा टांगायला खुंटी रिकामी नव्हती, हा जुना पोशाख तिथे लटकत होता, तो टाकून का देत नाहीस, असं मी शनिवारी तिला म्हणाले. रंग लागल्याचं शिंपिणीनंही सांगितलं.

खुंटीची ही गोष्ट बनवलेली आहे का? असू शकते. खरी आहे का? तेही असू शकतं. कपाटात जागा नसल्याची कुरकूर कुठल्या दोन बहिणींत होत नाही? याच साक्षीत एमानं आणखी एक गोष्ट सांगितली : वडील दागिना म्हणून बोटात एकच अंगठी घालत, ती लिझीनं दिलेली होती, आणि तिच्यासकट त्यांना पुरलं. ज्यांना एमा खोटी वाटते त्यांना ही अंगठीही शिकवून आणलेली वाटते. एकदा मन ठरलं की प्रत्येक तपशील त्याच दावणीला बांधता येतो.

लिझी पोलीस कोठडीत असताना दोघींत झालेल्या म्हणे त्या भांडणाचंही तसंच. पोलीस ठाण्यातली मेट्रन हॅना रेगन हिनं, लिझी बहिणीवर चिडून ‘तू मला उघडं पाडलंस’ अशा अर्थाचं बोलली, असं सांगितलं. बातमी लगोलग वर्तमानपत्रात आली. मग ती खोटी असल्याचा कागद तयार झाला, आणि पोलीसप्रमुखांच्या सांगण्यावरून रेगननं त्यावर सही केली नाही. कोर्टात ती मूळ गोष्टीवर ठाम राहिली. एमानं असं भांडण झालंच नाही म्हणून सांगितलं. ऑक्टोबरात ‘बोस्टन ग्लोब’नं तर लिझी गरोदर असल्यापर्यंतची कहाणी छापली, ती बनावट निघाली आणि पत्राला माफी मागावी लागली. ऐकीव गोष्टींचा बाजार तेव्हाही तेजीत होता.

२० जून १८९३ रोजी न्यू बेडफर्डच्या कोर्टात ज्युरीनं सुमारे दीड तासात लिझीला निर्दोष ठरवलं. बहिणींनी गावाच्या उच्चभ्रू भागात ‘मेपलक्रॉफ्ट’ नावाचं घर घेतलं. लोक म्हणाले, बघा, एमा पाठीशी उभी आहे, म्हणजे तिला ठाऊक आहे. बारा वर्षं हेच चाललं. १९०५ मध्ये एमा घर सोडून गेली, आणि दोघी पुन्हा भेटल्या नाहीत. त्यावर तेच लोक म्हणाले, बघा, अखेर तिला कळलं! राहिली तरी दोषी, गेली तरी दोषी. सासूबाईंना माझा प्रश्न एवढाच आहे : एमानं नेमकं काय केलं असतं म्हणजे तिला काही ठाऊक नव्हतं असं त्यांनी मान्य केलं असतं? १९१३ मध्ये ती वर्तमानपत्राशी बोलली. त्या घरात राहणं असह्य झालं म्हणून निघाले, असं तिनं सांगितलं, आणि त्याच मुलाखतीत लिझी निर्दोष असल्याचंही सांगितलं. इतक्या वर्षांचा अबोला असताना पाठराखण करायची तिला गरज नव्हती.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याकडे नवरा-बायकोनं लग्नाच्या नात्यात एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना कायद्याचं संरक्षण आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते कलम १२२ होतं. भाऊ-बहिणींना ते नाही. एमा साक्षीला आली असती तर तिला उत्तर द्यावंच लागलं असतं. आणि ‘नातेवाईक आहे’ एवढ्यावरून साक्ष फेकून देता येत नाही. १९५३ च्या दलीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला वाचवून निरपराधाला गुंतवील, ही शक्यता सर्वांत शेवटची. मात्र हा नियम मृताच्या नातेवाइकाबद्दल आहे. घरातल्या खुनात पंचाईत अशी की मृताचं माणूस आणि आरोपीचं माणूस एकच असतं. एमा मेलेल्या बापाची मुलगी होती आणि पिंजऱ्यातल्या लिझीची बहीणही. अशी साक्ष कोर्ट बारकाईनं तपासतं, इतर पुराव्याशी ताडून पाहतं. मानलीच असती किंवा टाकलीच असती, असं आधी सांगता येत नाही.

सासूबाईंना शेवटी हेही सांगा. लिझी १ जून १९२७ ला वारली. वडिलांच्या इस्टेटीतला वाटा एमाला मिळालेलाच आहे म्हणून तिला काही ठेवत नाही, असं तिनं मृत्युपत्रात लिहिलं, आणि वडिलांच्या दफनभूमीच्या जागेच्या देखभालीसाठी ५०० डॉलर ठेवले. नऊ दिवसांनी एमा गेली. ओक ग्रोव्ह दफनभूमीतल्या त्याच जागेत, आई, सावत्र आई आणि बापाशेजारी दोघींनाही पुरलं आहे.