पी.टी.चा तास आणि दम लागण्याची मिनिटं

‘मूल शाळेत खेळतं का?’ असं विचारलं की पालक सांगतात, ‘हो, आठवड्याला दोन पी.टी. आहेत की!’ त्या दोन तासांत काय काय जातं? रांगा लावणं, हजेरी, जागच्या जागी हात वरखाली करणं. मैदान दुसऱ्या वर्गाकडे गेलं तर बाकावर मुकाट बसणं. सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई तो तास मागून घेतात. म्हणून मी मुलालाच विचारते, ‘खेळताना दम लागला का रे?’

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. श्वास वाढेल, घाम येईल अशी हालचाल. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस हाडांना आणि स्नायूंना जोर लागला पाहिजे. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं यात कमी पडतात, आणि मुली मुलांपेक्षा जास्त.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही हवा. पण मुलांनी किती मिनिटं हलायचं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. सीबीएसईने २०१८मध्ये नववी ते बारावीसाठी रोजचा एक तास बंधनकारक केला, म्हणजे नेमका दहावी-बारावीच्या धास्तीचा काळ. तो तास खरंच मैदानावर जातो का, हे तुमच्या मुलांनाच विचारा.

मिनिटं लिहिली की काय होतं, हे अमेरिकेत पाहता येतं, कारण तिथे राज्यागणिक नियम वेगळे. कॅलिफोर्नियात पहिली ते सहावीला दर दहा शालेय दिवसांत २०० मिनिटं शारीरिक शिक्षण द्यावंच लागतं. पुढच्या वर्गांना ४००. २००७मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांचा अभ्यास केला. जिथे हा विषय सक्तीचा होता, तिथली मुलं पी.टी.च्या तासांत आठवड्याला सरासरी ३१ मिनिटं जास्त हलत होती. वजनात मात्र फरक दिसला नाही. यात मला नवल वाटत नाही. आठवड्याच्या ३१ मिनिटांत एक वडापावसुद्धा वसूल होत नाही! त्याच गटातल्या काहींनी २०१३मध्ये लहान मुलांकडे पाहिलं, तेव्हा आठवड्याला तासभर जास्त शारीरिक शिक्षण मिळालेल्या पाचवीच्या मुलांत लठ्ठपणाची शक्यता जवळपास पाच टक्के-बिंदूंनी कमी आढळली. हा फायदा मुख्यतः मुलग्यांना झाला.

तिथल्या मुली मागे का राहिल्या याची कारणं तिथली. आपल्याकडची मला दिसतात: पी.टी.च्या दिवशीही घातलेला स्कर्ट, पाळीच्या दिवसांत वापरता येईल असं स्वच्छतागृह नसणं, आणि सगळं मैदान व्यापणारं मुलांचं क्रिकेट.

तेव्हा वजन उतरेल या आशेने शाळेकडे पाहू नका. हाडं भक्कम होणं, झोप लागणं, जिना चढताना धाप न लागणं, यासाठी तो तास हवा. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. इतरत्र पालक सभा असते. तिथे ‘पी.टी. आहे का’ असं विचारू नका. चाळीस मिनिटांच्या तासात प्रत्येक मूल किती वेळ धावतं, ते विचारा. निम्मा वेळ धावलं तरी पुष्कळ. ‘आउट’ झालेल्याने बसून राहायचं, असे खेळ शक्यतो नकोत. त्यात सगळ्यात लठ्ठ आणि सगळ्यात हळू मूल पहिल्या मिनिटाला बसतं. रिले, दोरीउड्या, चार-चार जणांचे छोटे डाव बरे. उरलेली मिनिटं घरची: सोसायटीचं आवार, क्लासला पायी जाणं, लंगडी.

आणखी एक गोष्ट. पी.टी.तून सूट मिळावी म्हणून सर्टिफिकेट मागणारे पालक दर महिन्याला माझ्या दवाखान्यात येतात. बहुधा कारण दम्याचं असतं. दमा आटोक्यात असेल तर मूल सगळे खेळ खेळू शकतं. नियमित पंप चुकवू नका, खेळाआधी घ्यायचा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर तो दप्तरात ठेवा, शिक्षकांना सांगून ठेवा. सुरुवात सावकाश करू द्या. सर्टिफिकेट मी देते ते हाड मोडलं असेल, डेंग्यू नुकताच उतरला असेल, किंवा हृदयाची शंका असेल तेव्हा, आणि त्यावर तारीख घालते. धावताना मूल चक्कर येऊन पडलं, छातीत दुखलं, छाती विचित्र धडधडली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर ईसीजी आणि इको होईपर्यंत त्याला धावायला लावू नका.