निवडक शाळांचे प्रवेश आणि वंशाचा प्रश्न : अमेरिकेतील अनुभवाचा एक अभ्यास

गुणवत्ता श्रेष्ठ की सामाजिक न्याय श्रेष्ठ, हा वाद आपल्या देशात नवा नाही. प्रवेशाच्या याद्या लागल्या की दरवर्षी तो डोके वर काढतो. परंतु अमेरिकेसारख्या संपन्न देशात हाच वाद तेरा-चौदा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या प्रवेशावरून गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र पाठवून त्या समाजाच्या प्रश्नाविषयी आपली आस्था कळविली होती. तेव्हा त्या समाजाची मुले आज शाळेच्या दाराशी कोणत्या अडचणींत उभी आहेत, हे समजून घेणे आपल्या विद्यार्थ्यांना उद्बोधक ठरेल असे आम्हांस वाटते. जात आणि वंश या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मात्र सुरुवातीसच ध्यानात ठेवले पाहिजे. तिकडचे उत्तर जसेच्या तसे इकडे लागू पडणार नाही. पण प्रश्न कसा विचारावा हे तिकडच्या अनुभवावरून निश्चित शिकता येते.

निवडक सरकारी शाळा म्हणजे काय?

अमेरिकेत बहुसंख्य मुले सरकारी शाळांत विनाशुल्क शिकतात. सामान्यतः जो ज्या वस्तीत राहतो तो तेथील शाळेत जातो. परंतु काही मोठ्या शहरांत अशा मोजक्या सरकारी माध्यमिक शाळा आहेत, की जेथे केवळ निवडून घेतलेल्या मुलांनाच प्रवेश मिळतो. न्यूयॉर्कमधील स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या शाळा प्रसिद्ध आहेत. सॅन फ्रान्सिस्कोची लोवेल ही शाळा १८५६ पासूनची, तर बॉस्टनची लॅटिन स्कूल थेट १६३५ सालची आहे. या शाळांचा दर्जा किती उच्च असावा? एकट्या ब्रॉन्क्स सायन्सच्या ९ माजी विद्यार्थ्यांना २०२३ पर्यंत नोबेल पारितोषिक मिळाले आहे. फी नाही आणि शिक्षण मात्र उत्तमातले उत्तम! साहजिकच गरीब कुटुंबाला अशा शाळेतील एक जागा म्हणजे एका पिढीत दारिद्र्य ओलांडण्याची शिडीच वाटते. म्हणूनच या थोड्या जागांसाठी एवढा मोठा झगडा आहे.

न्यूयॉर्क : एक परीक्षा, एकच निकष

न्यूयॉर्कच्या या शाळांत प्रवेश कसा मिळतो? आठवीत असताना मुलाने एक परीक्षा द्यायची. वेळ तीन तास, विषय दोनच : इंग्रजी आणि गणित. शाळेतील गुण, शिक्षकांचे मत, मुलाखत, घरची परिस्थिती यांपैकी काहीही पाहिले जात नाही. दरवर्षी सुमारे २५ ते ३० हजार मुले ही परीक्षा देतात आणि आठ शाळांत मिळून चार-पाच हजारांना जागा मिळते.

वरकरणी यापेक्षा निःपक्षपाती पद्धत कोणती असणार? उत्तरपत्रिकेला रंग नसतो, असे तिचे समर्थक म्हणतात. पण या पद्धतीचा इतिहास पाहिला पाहिजे. १९७१ च्या सुमारास ही परीक्षा कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांना अन्यायकारक आहे, अशी तक्रार पुढे आली व शहराच्या शिक्षण खात्याने चौकशीची तयारी केली. चौकशीतून काही बदल होण्यापूर्वीच, त्याच वर्षी, न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने हेक्ट-कॅलंड्रा कायदा संमत केला आणि वर सांगितलेल्या तीन शाळांत केवळ परीक्षेनेच प्रवेश द्यावा असे बंधन घातले. म्हणजे 'फक्त परीक्षा' हा निसर्गनियम नव्हे. माणसांनी, एका विशिष्ट वेळी, मतदान करून केलेला तो नियम आहे. आणखी एक गोष्ट. स्टायव्हेसंट शाळेत १९६९ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. एका शाळकरी मुलीने न्यायालयात दाद मागितली तेव्हा दार उघडले. तोपर्यंत निम्मी प्रजा परीक्षेलाच बसू शकत नव्हती, तरीही शाळा 'गुणवत्तेची' म्हणूनच ओळखली जात होती!

आकडे काय सांगतात?

२०१९ साली स्टायव्हेसंटमध्ये ८९५ मुलांना प्रवेश देऊ करण्यात आला. त्यांत कृष्णवर्णीय मुले किती असावीत? फक्त ७. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेली मुले ३३ होती. आशियाई वंशाची ५८७ आणि गौरवर्णीय १९४ होती. शहराच्या सरकारी शाळांत मात्र कृष्णवर्णीय व लॅटिनो मुले मिळून सुमारे दोन तृतीयांश आहेत.

या मुलांत बुद्धी कमी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १९८० च्या दशकात ब्रुकलिन टेकमधील निम्म्याहून अधिक विद्यार्थी कृष्णवर्णीय आणि लॅटिनोच होते. परीक्षेनेच प्रवेश तेव्हाही होता. मग बदलले काय? त्या वस्त्यांतील शाळांत हुशार मुलांसाठी पूर्वी जे विशेष वर्ग चालत, ते पुढे कमी होत गेले, असे अनेक जाणकार सांगतात. दुसरीकडे खाजगी शिकवणी वर्गांचा व्यवसाय वाढला. परीक्षेतील काही गणिते वर्गात शिकविण्यापूर्वीच मुलांपुढे येतात. ज्याने शिकवणी लावली तो ती सोडवितो. आणि कित्येक घरांत तर अशी परीक्षा असते हेच वेळेवर कळत नाही. थोडक्यात, परीक्षा तीन तासांची दिसली तरी ती प्रत्यक्षात पाच-सहा वर्षे आधी सुरू झालेली असते. तीन तासांत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळते हे खरे. परंतु त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत सर्वांना एकच शाळा मिळालेली नसते.

नाण्याची दुसरी बाजू

जून २०१८ मध्ये शहराचे तत्कालीन महापौर बिल डी ब्लासिओ यांनी ही परीक्षा रद्द करून प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या सात टक्के मुलांना जागा द्याव्यात, असा प्रस्ताव मांडला. त्यास तीव्र विरोध झाला. विरोध करणारे कोण? सगळेच श्रीमंत होते असे नव्हे. चीन, बांगलादेश आदी देशांतून आलेले, हॉटेलांत राबणारे, टॅक्सी चालविणारे अनेक आईबाप त्यांत होते. पोटाला चिमटा काढून त्यांनी मुलांना शिकवणीला घातले होते. 'आम्हाला ओळखपाळख नाही, इंग्रजी धड येत नाही. मुलाखतीत आमचे मूल मागे पडेल. परीक्षा हाच आमचा एकमेव आधार,' असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. विधिमंडळाने तो प्रस्ताव संमत केला नाही आणि परीक्षा कायम राहिली. थोड्या गुणांनी मागे राहिलेल्या गरीब मुलांना उन्हाळी वर्ग करून प्रवेश देण्याची एक योजना १९७१ च्या कायद्यातच आहे. तिचा विस्तार करून २० टक्के जागा तिच्यासाठी ठेवण्याचे मात्र शहराने ठरविले.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रत्येक वादात एक बाजू दुष्ट आणि दुसरी सुष्ट असतेच असे नाही. वंचित विरुद्ध वंचित असा सामना उभा राहतो, तेव्हा जागा इतक्या थोड्या का ठेवल्या आहेत, हा मूळ प्रश्न कोणी विचारीत नाही.

सॅन फ्रान्सिस्को : टक्केवारीची मर्यादा

मग वंश पाहूनच जागा वाटून दिल्या तर? सॅन फ्रान्सिस्कोत तसे झाले. १९८३ साली न्यायालयाच्या संमतीने तेथे असा करार झाला, की कोणत्याही एका वंशगटाची मुले शाळेत ठरावीक टक्क्यांहून अधिक असू नयेत. लोवेलसारख्या शाळेसाठी ही मर्यादा ४० टक्के होती. हेतू चांगला होता. शाळा वंशावार वेगळ्या पडू नयेत, एवढाच. परंतु लोवेलमध्ये चिनी वंशाच्या मुलांची संख्या मर्यादेला भिडली आणि त्यांना प्रवेशासाठी इतरांपेक्षा, अगदी गौरवर्णीय मुलांपेक्षाही, जास्त गुण मिळवावे लागू लागले. ज्या समाजाला एकेकाळी अमेरिकेत कायद्याने प्रवेशबंदी होती, त्याच्याच मुलांपुढे ही उंच पायरी आली. १९९४ साली पालकांनी दावा लावला आणि १९९९ साली तडजोड होऊन वंशानुसार मर्यादा संपली.

पुढे २०२० साली महामारीमुळे तेथे सोडतीने प्रवेश देण्यात आले व २०२१ मध्ये ती पद्धत कायम करण्याचा निर्णय झाला. त्यावरून वादळ उठले. शिक्षण मंडळाच्या तीन सदस्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी परत बोलाविले. त्यामागे इतरही कारणे होती, पण हे एक मोठे कारण होते. त्याच वर्षी गुणांवर आधारित प्रवेश पुन्हा आणण्याचे ठरले.

शिकागो आणि व्हर्जिनिया : वस्ती व शाळा यांचा विचार

विद्यार्थ्याचा वंश पाहून शाळा ठरविण्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कडक निर्बंध घातले. २०२३ साली महाविद्यालयीन प्रवेशांतही वंशाचा विचार त्याच न्यायालयाने बेकायदा ठरविला. मग काही ठिकाणी वेगळा मार्ग शोधण्यात आला. शिकागोमध्ये २००९ साली वंशाधारित व्यवस्था संपल्यावर शहरातील वस्त्यांचे चार स्तर पाडण्यात आले. वस्तीतील कुटुंबांचे उत्पन्न, प्रौढांचे शिक्षण, स्वतःचे घर असणाऱ्यांचे प्रमाण अशा बाबी पाहून हे स्तर ठरतात. काही जागा निव्वळ गुणांवर आणि उरलेल्या चार स्तरांत वाटून दिल्या जातात. म्हणजे मुलाची स्पर्धा मुख्यतः त्याच्यासारख्याच परिस्थितीतील मुलांशी होते.

व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स परगण्यात १९८५ साली निघालेली थॉमस जेफरसन ही विज्ञानाची नामांकित शाळा आहे. तेथे २०२० साली प्रवेश परीक्षा व तिची १०० डॉलर फी रद्द झाली. प्रत्येक माध्यमिक शाळेला तिच्या आठवीच्या संख्येच्या दीड टक्का जागा राखून दिल्या. गुणपत्रक व निबंध यांबरोबर गरिबी आणि इंग्रजी नव्याने शिकत असल्याची अडचणही विचारात घेतली जाऊ लागली. निवड करणाऱ्यांना मुलाचे नाव, वंश, लिंग काहीच कळू दिले जात नाही. परिणाम काय झाला? प्रवेश मिळालेल्यांत गरीब घरांतील मुले पूर्वी एक टक्क्याहूनही कमी असत, ती २०२१ साली सुमारे २५ टक्के झाली. कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे एक टक्क्यावरून सातवर गेले. आशियाई वंशाच्या मुलांचे प्रमाण मात्र सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ वर आले.

यावर काही पालक न्यायालयात गेले. या शाळेत भारतातून गेलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने असल्याने हा खटला आपल्या लोकांनाही जवळचा होता. खालच्या न्यायालयाने २०२२ साली नवी पद्धत रद्द ठरविली. अपील न्यायालयाने मे २०२३ मध्ये तो निकाल फिरविला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला. दोन न्यायमूर्तींनी मात्र त्यास असहमती नोंदविली. या निकालपत्रात एक आकडा विशेष लक्षात राहण्यासारखा आहे. आशियाई वंशाच्या गरीब मुलांपैकी २०२० साली केवळ एकास प्रवेश मिळाला होता. २०२१ साली त्यांची संख्या ५१ झाली. म्हणजे 'आशियाई' या एका शब्दाखाली सुखवस्तू घरातील मूल आणि कष्टकऱ्याचे मूल, दोघेही झाकले गेले होते. मोजपट्टी बदलली तेव्हा दुसरे मूल प्रथमच दिसले.

यातून काय शिकावे?

आमच्या मते या सर्व अनुभवांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, गुणवत्ता मोजण्याचे प्रत्येक माप माणसाने ठरविलेले असते. ते कोणी, केव्हा आणि कशासाठी ठरविले, हे विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. दुसरी, कोणतेही माप निर्दोष नाही. म्हणून नव्या पद्धतीने कोणाला जागा मिळाली एवढेच पाहून भागत नाही. कोणाची गेली हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रवेशाचा नियम कितीही न्याय्य केला तरी तो दारापाशी काम करतो. दारापर्यंतचा रस्ता त्याने सुधारत नाही. तो प्राथमिक शाळेत, वस्तीत आणि घरात तयार होतो.

आपल्याकडे याच धर्तीची सरकारी शाळा म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय. पहिली दोन विद्यालये १९८५-८६ साली निघाली. त्यांतील एक आपल्या अमरावतीचे होते. तेथे निवड परीक्षेने होते, पण किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, एक तृतीयांश मुलींसाठी आहेत, आणि अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षणही आहे. म्हणजे परीक्षा आणि परिस्थिती या दोहोंचा मेळ घालण्याचा विचार आपल्या देशाने अगोदरच केलेला आहे. परंतु नियम चांगला असून भागते काय? ही परीक्षा पाचवीत असतानाच द्यावी लागते. अर्जाची तारीख ज्या घराला कळलीच नाही, त्या घरातील मुलीला कोणतेही आरक्षण उपयोगी पडत नाही.

तेव्हा संस्थेच्या सभासदांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या वस्तीत पाचवीत गेलेली मुले किती, याची एक वही करावी. परीक्षांच्या तारखा विहाराच्या फळ्यावर लिहाव्यात. आठवड्यातून दोन संध्याकाळी गणिताचा वर्ग घ्यावा. न्यूयॉर्कमधील ती सात मुले दारातून आत गेली. दारापर्यंत पोहोचूच न शकलेल्यांची संख्या कोणत्याही यादीत छापलेली नाही. आपल्या वस्तीत तरी ती संख्या शून्यावर आणणे आपल्या हाती आहे.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे प्रश्न

१. 'उत्तरपत्रिकेला रंग नसतो' या विधानातील सत्य आणि अपुरेपणा आपल्या शब्दांत लिहा.

२. लोवेल व थॉमस जेफरसन या दोन शाळांच्या प्रवेशपद्धतींची तुलना करा. कोणत्या पद्धतीत कोणाला लाभ झाला व कोणाला तोटा झाला?

३. जागा थोड्या असताना दोन वंचित गट समोरासमोर येऊ नयेत यासाठी कोणते उपाय सुचविता येतील?

४. आपल्या शाळेतून गेल्या तीन वर्षांत नवोदय परीक्षेस किती मुले व किती मुली बसल्या, याची माहिती मुख्याध्यापकांकडून मिळवून वर्गात चर्चा करा.